वंशभेदाची तक्रार स्ट्रासबर्गला : खटला कुठे टिकतो, कुठे आपटतो?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात रावपुऱ्यात आमच्या वाचनमंडळात 'वंशभेद आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयं' यावर बोलायचं आहे. ऐकायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं लंडन, म्युनिक नाहीतर टोरांटोला, म्हणजे प्रश्न व्यवहाराचेच येणार. तीन गोष्टींवर अडलोय.

एक, रेल्वेच्या डब्यात नुसता कातडीचा रंग बघून पोलिसांनी कागद मागितले, किंवा आडनाव ऐकताच घरमालक 'खोली गेली' म्हणाला, तर भारतीय पासपोर्टवाला पोरगा हेगला तक्रार करू शकतो का? दोन, समोरच्याच्या मनात वंशद्वेष होता हे सिद्ध तरी कसं होतं? कबूल तर कोणीच करणार नाही. तीन, 'परदेशी म्हणून' वेगळं वागवणं आणि 'वंशामुळे' वेगळं वागवणं यांत कायदा फरक करतो का?

करारांची जंत्री माझ्याकडे आहे, ती नको. निकाल काय लागले ते सांगा.

न्यायमंदिरचा_जिना

हेग आधी डोक्यातून काढा. तिथलं आंतरराष्ट्रीय न्यायालय फक्त देशादेशांमधले वाद ऐकतं, माणसाचा अर्ज घेतच नाही. त्याच गावातलं दुसरं, फौजदारी न्यायालय, नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांसाठी.

तुमच्या म्युनिकवाल्यांसाठी आणि लंडनवाल्यांसाठी जागा म्हणजे स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवी हक्क न्यायालय. २०२२ मध्ये रशिया बाहेर पडल्यापासून ४६ देश त्याच्या कक्षेत आहेत. ब्रिटननं युरोपीय संघ सोडला, पण हे न्यायालय संघाचं नाहीच, त्यामुळे ब्रिटन अजून त्यात आहे. ही गल्लत फार जण करतात. पासपोर्ट कोणता याला महत्त्व नाही. हे न्यायालय ज्यावर चालतं त्या युरोपीय मानवी हक्क कराराचं पहिलं कलम त्या देशाच्या अधिकारक्षेत्रातल्या 'प्रत्येकाला' हक्क देतं.

पण प्रतिवादी नेहमी देशच असतो. घरमालकावर स्ट्रासबर्गला दावा होत नाही. फार तर 'देशाच्या कायद्यानं आणि न्यायालयांनी मला संरक्षण दिलं नाही' एवढंच म्हणता येतं.

दुसरी खोच कलम १४ ची. भेदभावबंदीचं हे कलम एकटं उभं राहत नाही, त्याला करारातल्या दुसऱ्या एखाद्या हक्काचा हात धरावा लागतो : जीविताचा हक्क (कलम २), अमानुष वागणूक (३), खाजगी आयुष्य (८), किंवा पहिल्या प्रोटोकॉलमधलं, म्हणजे कराराला नंतर जोडलेल्या पुरवणीतलं, शिक्षण. करारात 'भाड्यानं घर मिळण्याचा' हक्क नाही, 'नोकरी मिळण्याचा'ही नाही. ही उणीव भरून काढायला बारावा प्रोटोकॉल आणला, तो १ एप्रिल २००५ पासून लागू आहे. पण ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांपैकी कोणीही तो मंजूर केलेला नाही. म्हणजे आपली माणसं जिथे जास्त, नेमकं तिथेच दार बंद.

दांडियाबाजार_३

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण खरी मेख तिथेच आहे.

'तुमचे पोलीस वंशद्वेष्टे आहेत' असं स्ट्रासबर्गचं न्यायालय फार क्वचित म्हणतं. 'वंशद्वेष होता का, हे तुम्ही तपासलंच नाहीत' असं मात्र ते पुष्कळदा म्हणतं. हा फरक श्रोत्यांच्या गळी उतरवलात तर अर्धं व्याख्यान झालं.

सुरुवात नाचोवा विरुद्ध बल्गेरिया या खटल्यापासून करा. जुलै १९९६, लेसुरा नावाचं खेडं. बांधकाम तुकडीतून पळालेले दोन रोमा (ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात त्या समाजातले) तरुण, हातात शस्त्र नाही, आणि लष्करी पोलिसांनी स्वयंचलित बंदुकीनं त्यांना ठार केलं. शेजाऱ्याच्या साक्षीत जिप्सी म्हणून हासडलेली शिवीही होती. २००४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं पुराव्याचा भार सरकारवर टाकून वंशभेद मानला. २००५ मध्ये ग्रँड चेंबरनं, म्हणजे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं, ते फिरवलं : गोळीबारामागे वंशद्वेष होता हे 'वाजवी शंकेपलीकडे' ठरत नाही, ११ विरुद्ध ६. पण ती शिवी कानावर येऊनही तपास अधिकाऱ्यांनी त्या दिशेनं पाऊल टाकलं नाही, म्हणून कलम १४ चा भंग एकमतानं. तेव्हापासून कलम १४ ची दोन अंगं धरतात, प्रत्यक्ष भेदभाव एक आणि तपासात हयगय हे दुसरं. दुसरं जिंकायला पुष्कळ सोपं.

आता तुमचा रेल्वेचा डबा. योगायोग असा की नेमका तोच खटला आहे आणि अर्जदार भारतीय वंशाचा जर्मन नागरिक आहे. बासू विरुद्ध जर्मनी, निकाल १८ ऑक्टोबर २०२२. चेक सीमा ओलांडल्यावर गाडीत पोलिसांनी त्याला आणि त्याच्या मुलीला कागद विचारले. डब्यात सावळे तेवढे तेच दोघे, असं त्याचं म्हणणं. पोलीस आधी म्हणाले सहज तपासणी, नंतर म्हणाले या गाडीतून सिगारेटची चोरटी वाहतूक होते. खात्यांतर्गत चौकशी वरिष्ठ पोलीस कार्यालयानंच केली. प्रशासकीय न्यायालयानं 'आता निकाल देण्यात अर्जदाराचा कायदेशीर हितसंबंध उरलेला नाही' म्हणत दावा गुणदोषात न जाता बाहेर काढला. स्ट्रासबर्ग म्हणालं : चौकशी स्वतंत्र नव्हती, न्यायालयानं साक्षी घेतल्या नाहीत, भंग झाला. मात्र रंगामुळे अडवलं की नाही यावर निकाल नाही, कारण ते ठरवायला लागणारा पुरावाच गोळा झालेला नव्हता.

त्याच दिवशी दुसरा निकाल लागला, मुहम्मद विरुद्ध स्पेन. पाकिस्तानी नागरिक, बार्सिलोनाचा रस्ता, तक्रार तीच. तो हरला. पोलिसांचं म्हणणं होतं की कागद रंगामुळे नव्हे, त्याच्या वागण्यामुळे मागितले. स्पेनच्या न्यायालयांनी ते तपासून स्वीकारलं होतं आणि स्ट्रासबर्गनं ते ढवळलं नाही. 'त्या वेळी रस्त्यावरच्या एकाही गोऱ्याला अडवलं नाही' एवढ्यावर वंशद्वेषाचं अनुमान निघत नाही, असंही म्हटलं. मला हे पटत नाही. भेदभाव झाला हे दाखवायला तुलना सोडून सामान्य माणसाकडे असतं काय? पण निकाल तसा आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

मग २० फेब्रुवारी २०२४ चा वा बाइल विरुद्ध स्वित्झर्लंड. इथे न्यायालय एक पायरी पुढे गेलं. २०१५ मध्ये झुरिक स्टेशनवर केनियात जन्मलेल्या स्विस माणसाला अडवलं. त्यानं कागद दाखवायला नकार दिला, १०० फ्रँक दंड झाला. पोलिसाच्या अहवालातलं कारण काय, तर त्यानं नजर टाळली. झुरिकच्या प्रशासकीय न्यायालयानं तपासणीला वस्तुनिष्ठ कारण नव्हतं हे मान्य केलं, पण रंगाचा मुद्दा उघडाच ठेवला. मग स्ट्रासबर्गनं भेदभावाचं गृहीतक धरलं, आणि ते सरकारला खोडता आलं नाही. दोन्ही अंगांनी भंग. म्हणजे पोलिसांचं लेखी कारण जितकं पोकळ, तितका अर्जदार मजबूत.

विश्वामित्रीची_मगर

आकडेवारीवर जिंकलेला खटला राहिला : डी. एच. विरुद्ध चेक प्रजासत्ताक, ग्रँड चेंबर, १३ नोव्हेंबर २००७. ऑस्ट्रावा शहरातली अठरा रोमा मुलं मतिमंदांसाठीच्या विशेष शाळांत घातलेली. कायद्यात रोमा हा शब्द नाही, बुद्धिमापन चाचणी सगळ्यांना सारखी, आणि पालकांच्या सह्याही होत्या. अर्जदारांच्या बाजूनं शहरातल्या शाळाप्रमुखांकडून प्रश्नावली भरून घेतली. निघालं ते असं : रोमा नसलेल्यांपैकी १.८ टक्के मुलं विशेष शाळेत, रोमांपैकी ५०.३ टक्के. सत्तावीस पटींहून जास्त.

२००६ मध्ये खालचं पीठ म्हणालं, हेतू दिसत नाही. ग्रँड चेंबर १३ विरुद्ध ४ मतांनी म्हणालं, हेतू लागतच नाही. वरवर तटस्थ नियमाचा मार एकाच समाजावर पडतो असं विश्वासार्ह आकड्यांनी दाखवलं की खुलासा सरकारनं करायचा. हाच अप्रत्यक्ष भेदभाव. आणि पालकांच्या सहीबद्दल : वंशभेद न होण्याचा हक्क सही करून सोडून देता येत नाही. भरपाई प्रत्येकी ४,००० युरो.

वाचनमंडळात हे जरूर सांगा, कारण 'पण तुम्हीच सही केलीत ना' हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकू येतं.

तिसऱ्या प्रश्नावर बडोद्यातल्या श्रोत्यांना पूर्व आफ्रिकेतल्या आशियाई लोकांच्या खटल्याइतका जवळचा दुसरा नाही. चरोतरातली, सौराष्ट्रातली, कच्छातली कितीतरी घरं नैरोबी-कंपाला करून लेस्टरला गेली. यातल्या बऱ्याच जणांकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. १९६८ मध्ये केनियातून माणसं निघू लागल्यावर ब्रिटनच्या संसदेनं तीन दिवसांत कायदा उरकला : ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले नाहीत, त्याला पासपोर्ट असूनही सरसकट प्रवेश नाही, वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना व्हाउचर. रंगाचा उल्लेख कुठेच नाही. गोरा वसाहतवाला आजोबांच्या जिवावर सुटतो, पटेल अडकतो.

अडचण अशी की 'स्वतःच्या देशात प्रवेशाचा हक्क' चौथ्या प्रोटोकॉलमध्ये आहे आणि ब्रिटननं तो मंजूरच केलेला नव्हता. कलम १४ ला धरायला हात नाही. तेव्हा अर्जदार कलम ३ वर गेले : एका वंशगटाला जाहीरपणे वेगळं काढून असं वागवणं हीच अवमानकारक वागणूक. १४ डिसेंबर १९७३ च्या अहवालात तेव्हाच्या युरोपीय मानवी हक्क आयोगानं २५ अर्जदारांच्या बाबतीत ते मानलं. दार बंद असेल तर खिडकी कशी शोधावी याचा हा धडा आहे. पुढे मात्र प्रकरण न्यायालयात गेलंच नाही, मंत्र्यांच्या समितीत मिटवलं गेलं आणि अहवाल उघड व्हायला १९९४ उजाडलं.

सुरसागरकाठ

वा! मगरताई, आमच्या मंडळात दोन-तीन आजी खुद्द कंपालाहून आलेल्या आहेत, त्या बोलू लागल्या तर माझी चाळीस मिनिटं गेलीच म्हणायची.

पण दोन शंका. जिंकल्यावर प्रत्यक्षात काय मिळतं? आणि कॅनडा, अमेरिका, आखात?

विश्वामित्रीची_मगर

काय मिळतं, तर कधी कधी उलटंच. अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंदाली विरुद्ध ब्रिटन, १९८५. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तीन स्त्रियांना नवऱ्याला आणता येईना. पुरुषाला मात्र बायकोला आणणं सोपं. न्यायालय म्हणालं लिंगभेद आहे, वंशभेद नाही. सरकारनं समानता आणली : पुरुषांसाठीही नियम कडक केले! डेन्मार्कमध्ये तेच. बियाओ खटल्यात (२०१६) नियम असा की २८ वर्षं डॅनिश नागरिक असलेल्याला परदेशी जोडीदार आणताना एका अटीतून सूट. जन्मानं डॅनिश माणसाला ती अठ्ठाविसाव्या वर्षी मिळते. टोगोत जन्मून २००२ मध्ये नागरिक झालेल्या बियाओला २०३० मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मिळाली असती. ग्रँड चेंबरनं अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. डेन्मार्कनं ती सूटच काढून टाकली.

भेदभाव संपवायचे दोन रस्ते असतात, सगळ्यांना देणं किंवा कुणालाच न देणं. कोणता घ्यायचा हे न्यायालय सांगत नाही.

मांडवी_ते_मकरपुरा

अमेरिका-कॅनडा मी घेतो. अमेरिका खंडाचं न्यायालय कोस्टा रिकात सान होसेला आहे. तिथे माणूस थेट जात नाही. आधी वॉशिंग्टनच्या आयोगाकडे, देशातला शेवटचा निकाल हातात पडल्यापासून सहा महिन्यांत. पण अमेरिकेनं या न्यायालयामागच्या करारावर १९७७ मध्ये नुसती सही केली, मंजुरी दिली नाही. कॅनडानं सहीही नाही. आयोग अमेरिका खंडाच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याखाली या दोघांविरुद्ध अहवाल देतो, न्यायालय मात्र हात लावू शकत नाही. टोरांटोच्या मुलाला खरा उपयोग ओंटारिओच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाचा. मुदत एक वर्ष. घरमालक आणि नोकरी देणारा मालक दोघांवरही चालतं.

तरी सान होसेचे निकाल वाचाच, स्थलांतरितांच्या बाबतीत ते स्ट्रासबर्गच्या पुढे आहेत. मेक्सिकोनं मागितलेल्या २००३ च्या सल्लामतात (क्रमांक १८) न्यायालयानं म्हटलं की समानतेचं तत्त्व कुठल्याच देशाला मोडता न येणारं आहे आणि कागद नसलेल्या मजुरालाही केलेल्या कामाचे सगळे हक्क आहेत. २००५ मध्ये हैतीवंशीय दोन मुलींच्या जन्मनोंदणीच्या खटल्यात डॉमिनिकन प्रजासत्ताकाला सांगितलं की आईबापांचा बेकायदा मुक्काम मुलांना वारशानं मिळत नाही. पण तिथल्या घटना न्यायालयानं २०१३ मध्ये थेट १९२९ पासूनच्या जन्मांना मागे जाऊन अशा मुलांना नागरिकत्व नाकारणारा नियम लावला, आणि पुढच्या वर्षी तर सान होसेचा अधिकार मान्य करणारा दस्तऐवजच घटनाबाह्य ठरवला. निकालामागे पोलीस नसतात, हे श्रोत्यांना सांगायला विसरू नका.

आखातासाठी न्यायालय नाही. उरतो तो १९६५ चा वंशभेदविरोधी करार. त्याच्या कलम १४ खाली जिनिव्हातल्या समितीकडे माणूस तक्रार करू शकतो, मुदत सहा महिने, पण त्या देशानं तसं वेगळं जाहीर केलेलं असेल तरच. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि आपला भारत, कोणीच केलेलं नाही.

आणि तिसरा प्रश्न इथे चावतो. या कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की नागरिक आणि परदेशी यांतला फरक यात मोडत नाही. कतार विरुद्ध संयुक्त अरब अमिरात खटल्यात हेगनं ४ फेब्रुवारी २०२१ रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं की 'राष्ट्रीय मूळ' म्हणजे सध्याचा पासपोर्ट नव्हे. त्यामुळे एकाच कामाला पासपोर्ट बघून वेगळा पगार, ही तक्रार नुसती तशी मांडली तर पडते. पासपोर्ट हा वंशाचाच बुरखा आहे हे दाखवावं लागतं. स्ट्रासबर्ग मधे उभं आहे : नागरिकत्वावरून फरक करायला 'फार वजनदार कारणं' हवीत (गायगुसुझ विरुद्ध ऑस्ट्रिया, १९९६), आणि फरक निव्वळ किंवा मुख्यतः वांशिक मुळावरून असेल तर कुठलंच कारण चालत नाही (तिमिशेव विरुद्ध रशिया, २००५).

जातीचं कोणीतरी विचारेलच. त्याच करारात 'वंशपरंपरा' असा अर्थ देणारा शब्द आहे. समितीनं २००२ मध्ये त्यात जात येते असं म्हटलं, भारत सरकारला ते मान्य नाही. एवढं सांगून पुढे सरका, नाहीतर त्यातच सभा संपेल.

दांडियाबाजार_३

आता जर्मनीतल्या मुलासाठी व्यवहाराचं.

प्रसंग घडला त्याच रात्री लिहून काढा : गाडीचा क्रमांक, डबा, वेळ, डब्यात अंदाजे किती माणसं, कागद कोणाकोणाला विचारले, पोलिसाचे शब्द जसेच्या तसे, त्याचा ओळखक्रमांक, सांगितलेलं कारण. शेजारच्या प्रवाशाचा संपर्क. कारण विचारा आणि ते लेखी मागा. बासू खटल्यात कारण बदललं हे दिसलं म्हणूनच उपयोगी पडलं. पण गुपचूप आवाज टिपू नका. जर्मनीत खाजगी बोलणं चोरून ध्वनिमुद्रित करणं हा गुन्हा आहे, फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

पहिल्या अर्जापासून 'वंशामुळे' हा शब्द आला पाहिजे. बरेच खटले इथे मरतात. देशातल्या न्यायालयांत नुसतं 'तपासणी बेकायदा होती' म्हणायचं आणि स्ट्रासबर्गला जाऊन वंशभेद काढायचा, हे चालत नाही. तो मुद्दा प्रत्येक पायरीवर मांडलेला हवा, कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत. तिथली मुदत फक्त एक महिना आहे. ती चुकली तर पुढचं सगळं गेलं.

घर किंवा नोकरी नाकारली तर वाट वेगळी : २००६ चा जर्मन समान वागणूक कायदा, दोन महिन्यांत लेखी मागणी. नोकरीच्या बाबतीत त्या मागणीनंतर तीन महिन्यांत दावा. घराच्या बाबतीत पुरावा म्हणून सर्वांत चांगली जोडचाचणी : तेच उत्पन्न, तोच मजकूर, एक अर्ज भारतीय आडनावानं, एक जर्मन नावानं, काही तासांच्या अंतरानं. दोन्ही उत्तरं तारखेसकट जपा. हा कायदा पोलिसांना मात्र लागू होत नाही. बर्लिननं २०२० मध्ये आपल्या सरकारी खात्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, पण रेल्वेत असतात ते संघराज्याचे पोलीस, त्यांना तोही नाही.

न्यायमंदिरचा_जिना

स्ट्रासबर्गच्या अर्जाबद्दल थोडं. १ फेब्रुवारी २०२२ पासून मुदत चार महिने झाली आहे. जुन्या पुस्तकांत सहा लिहिलंय, त्यावर विसंबू नका. शेवटचा निकाल १० मार्चला मिळाला तर १० जुलैच्या मध्यरात्री संपली. शेवटचा दिवस रविवार असला तरी वाढ नाही.

फी नाही, सुरुवातीला वकीलही लागत नाही. ठरलेला फॉर्मच भरायचा; हकिगत, तक्रारी आणि देशातले उपाय कसे संपवले हे सगळं फॉर्ममध्येच बसवायचं. जोडपत्र वीस पानांपेक्षा जास्त नको, आणि ते नुसतं विस्तारासाठी. कागदांच्या प्रती, मूळ नव्हे. एखादा रकाना रिकामा किंवा एखादा निकाल जोडायचा राहिला तर अर्ज नोंदतच नाहीत, आणि तेवढ्यात मुदत चालूच असते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात पाठवणं म्हणजे दुरुस्तीची संधी स्वतःच घालवणं. फॅक्स धरत नाहीत, सही केलेला मूळ फॉर्म टपालानंच, आणि टपालाच्या शिक्क्याची तारीख मोजतात. बहुतेक अर्ज पहिल्याच चाळणीत एकटा न्यायाधीश फेटाळतो आणि त्यावर अपील नाही.

सुरसागरकाठ

शिक्का म्हणजे रावपुऱ्याच्या टपाल कचेरीतलाही चालेल? आणि आईबापांनी इथून मराठीत लिहिलं तर?

न्यायमंदिरचा_जिना

शिक्का चालेल, वाचता येईल असा उमटलाय ना ते खिडकीवरच बघून घ्या. मराठी नाही चालणार. सुरुवातीचा अर्ज सदस्य देशांच्या कुठल्याही अधिकृत भाषेत चालतो, इंग्रजी त्यात आलीच. सरकारला नोटीस गेली की पुढे इंग्रजी किंवा फ्रेंच, आणि तेव्हा वकीलही लागतो. आईबापांना मुलाच्या वतीनं पाठवायचं असेल तर फॉर्मवरच्या अधिकारपत्राच्या रकान्यात मुलाची आणि प्रतिनिधीची, दोघांची मूळ सही हवी. वेगळं मुखत्यारपत्र करून नोटरीकडे पैसे घालवू नका.